बीएस्सीला मेजर कॉम्प्युटर घेऊ की फिजिक्स?

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देते:

"ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली, रोज एस्टीनं कॉलेजले येणं-जाणं करते. बारावीला बायो-मॅथ्स दोन्ही होते, नीट दिली, मार्क आले नाही म्हणून बीएस्सीला ॲडमिशन घेतली. फर्स्ट इयरला फिजिक्स, मॅथ्स अन् कॉम्प्युटर सायन्स आहे. आता सेकंड इयरला यातला एक मेजर म्हणजे मुख्य विषय अन् एक मायनर म्हणजे जोडविषय निवडायचा आहे, फॉर्म सुरू झाले. फिजिक्सचे सर खूप चांगलं शिकवतात, ते म्हणतात फिजिक्स घे अन् पुढे बीएड कर. मामा म्हणतात कॉम्प्युटर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात बसशील, कॉम्प्युटर हे इंजिनिअरिंगवाल्यांचं काम आहे. मैत्रिणी सगळ्या कॉम्प्युटरच घेऊन राहिल्या, प्रॅक्टिकलचे मार्क सोपे भेटतात म्हणून. बाबा म्हणतात तुले जे जमते ते घे, पण खर्च किती ते आधीच सांग. माझ्याकडे लॅपटॉप नाही. मॅथ्स ठीकठाक आहे, इंग्रजीची भीती वाटते. एआयमुळे कॉम्प्युटरच्या नोकऱ्या जाऊन राहिल्या असंही ऐकते. तसं मी दिवाळीनंतर आईच्या कापूस वेचणीच्या हिशोबाचा मोबाईलवर सी भाषेमध्ये प्रोग्राम केला होता, १० रुपये किलोनं. तो आईच्या वहीपेक्षा ३५ रुपये कमी दाखवत होता, मग रात्री शोधलं तर टोटलला इंट लिहिलं होतं, ते फ्लोट केलं अन् बरोबर आलं. तर ताई, काय घेऊ? नाव छापू नका."

नाव नाही छापत, काळजी करू नको.

पोरी, तुझं पत्र वाचताना माझी नजर थांबली ती त्या कापसाच्या हिशोबावर. सर काय म्हणतात, मामा काय म्हणतात, मैत्रिणी काय करून राहिल्या हे सगळं तू आधी लिहिलंस अन् स्वतःचं काम शेवटी, जाता जाता, दोन ओळीत. मी पत्र उलटं वाचते. वरची सगळी दुसऱ्यांची मतं आहेत, हे एक काम तू आपल्या मनानं केलंस, कोणी सांगितलं नव्हतं, जर्नलमध्ये लिहायचं नव्हतं, मार्क भेटणार नव्हते, तरी केलंस.

काय झालं होतं ते जरा नीट बघू. सांजेला बाया कापूस घेऊन येतात, आई काट्यावर एकेकीचं गाठोडं तोलते अन् वहीत लिहिते, कोणाचं साडेचौदा, कोणाचं अठरा, कोणाचं साडेबावीस. तू वजन फ्लोटमध्ये, म्हणजे पॉईंटसकट, घेतलं असणार, पण बेरीज जिथे साठवली तो टोटल इंट, म्हणजे फक्त पूर्ण आकडा ठेवणारा. म्हणून साडेचौदा मिळवले की चौदाच राहिले, साडेबावीस मिळवले की बावीसच, दर वेळी वरचा अर्धा किलो गळून गेला, आणि सी काही ओरडत नाही बरं का, प्रोग्राम मुकाट्यानं चालते अन् चुकीचं उत्तर देते. १० रुपये किलोनं ३५ रुपये कमी म्हणजे साडेतीन किलो, म्हणजे त्या दिवशी अर्ध्या किलोवाल्या सात बाया असतील. वही काढून मोज, सातच निघतील.

आता हे बघ की ३५ रुपयांचा फरक आला तेव्हा तुला काय काय करता आलं असतं. मोबाईलमध्येच काही गडबड आहे म्हणून सोडून देता आलं असतं. शेवटी ३५ मिळवून टाकता आले असते, आणि हे मी पोट्ट्यांना लॅबमध्ये करताना पाहिलंय, उत्तर जुळलं पाहिजे म्हणून काहीही मिळवतात. तू आईच्या वहीला खरं मानलंस आणि आपल्याच लिहिलेल्यावर संशय घेऊन एकेक ओळ तपासत बसलीस, दिवसभराचं एस्टीचं येणं-जाणं झाल्यावर, रात्री. पुढे कॉलेजात काय, आख्खं करिअर ह्या क्षेत्रात हेच काम राहते. नवीन लिहिणं थोडं, आणि लिहिलेलं का चुकून राहिलं हे शोधणं जास्त. ज्याला त्या शोधण्याचा कंटाळा येते त्याला कितीही पगार असला तरी हे काम जड जाते, आणि तुला कंटाळा आला नाही.

म्हणून माझं मत साफ सांगते, कॉम्प्युटर सायन्स मेजर घे आणि मॅथ्स मायनर घे. आता बाकीच्या शंका, आणि त्यातल्या काही शंका खऱ्या आहेत.

मामांपासून सुरू करते. त्यांच्यावर रागावू नको, ते तुझ्या भल्यासाठीच बोलून राहिले आणि त्यांनी जे पाहिलं त्यावरूनच बोलून राहिले. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर म्हणजे एमएस-सीआयटी, टायपिंग, डीटीपी, सेतू केंद्रावर पीकविम्याचा फॉर्म भरून देणारा पोरगा, नाहीतर ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, ज्याचं मानधन कधी येईल ते त्यालाही माहीत नसते. एमएस-सीआयटीत वर्ड, एक्सेल, इंटरनेट वापरायला शिकवतात, चांगलंच आहे, सगळ्यांनी करावं. पण कॉम्प्युटर सायन्सचा विषय वेगळा. एक्सेलमध्ये बेरीज कशी करायची हे तिकडे, आणि बेरीज करताना अर्धा किलो का गळला हे इकडे.

तुझ्याच प्रोग्राममध्ये अजून एक गंमत लपलेली आहे, सांगते. फ्लोट केल्यावर सगळं नीट झालं असं तुला वाटलं ना? पायथन नावाची भाषा आहे, मोबाईलवर चालते, त्यात ०.१ + ०.२ लिहून बघ. उत्तर ०.३ येत नाही, ३ च्या पुढे शून्यांची लांब रांग येते आणि शेवटी एक ४. कारण मशीन सगळं ० आणि १ मध्ये ठेवते, आणि आपल्याला जसं १ भागिले ३ दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३ चालतच राहते, तसं त्याला ०.१ पूर्ण लिहिता येत नाही, कुठेतरी तोडावंच लागते. अर्धा किलो मात्र त्याला बरोबर लिहिता येते, कारण अर्धा म्हणजे १ भागिले २, म्हणून तुझा हिशोब जुळला. उद्या आईनं साडेचौदाच्या जागी १४.१, १४.२ लिहायला सुरुवात केली अन् हजारो ओळींची बेरीज झाली की पैशा-दोन पैशाचा फरक डोकं वर काढेल. म्हणून जिथे पैशाचा हिशोब असते तिथे जाणकार लोक रुपये पॉईंटमध्ये ठेवतच नाहीत, सगळं पैशात, पूर्ण आकड्यात ठेवतात. हे वाचून तुला आत्ता मोबाईल काढून करून बघावंसं वाटलं तर समज की विषय तुझा आहे.

मॅथ्स ठीकठाक आहे म्हणतेस तर मायनर मॅथ्सच का, हे सांगते, कारण इथेच बहुतेक पोरं सोपा मायनर घेऊन मोकळी होतात. कॉम्प्युटर सायन्सला कॅल्क्युलसपेक्षा वेगळंच गणित जास्त लागते, सेट, रिलेशन, लॉजिक, मोजणीचे प्रकार म्हणजे परम्युटेशन-कॉम्बिनेशन, ग्राफ, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी. ते कशाला लागते ते एका उदाहरणानं बघ. समज एका लाख खातेदारांची नावं वर्णक्रमानं लावलेली आहेत आणि त्यातलं एक शोधायचं. वरून एकेक बघत गेलीस तर वाईट नशिबानं लाख वेळा बघावं लागेल. मधलं नाव बघ, आपलं नाव त्याच्या आधी येते की नंतर ते ठरव, अर्धी यादी बाद, परत मधलं बघ, परत अर्धी बाद. जास्तीत जास्त १७ वेळा बघितलं की काम झालं, कारण २ चा १७ वा घात १,३१,०७२ होते, लाखाच्या वर. लाखाच्या जागी १७! आणि ती नावं मुळात वर्णक्रमानं लावायची असतील तर? तुला फर्स्ट इयरला बबल सॉर्ट शिकवला असेल, दोन शेजारच्यांची तुलना कर अन् उलटे असतील तर बदल. लाख नावांना त्यानं जवळपास ५०० कोटी तुलना होतात. सेकंड इयरला मर्ज सॉर्ट येईल, त्याला साधारण १७ लाख तुलना पुरतात. मशीन तेच, काम तेच, फरक फक्त डोक्यातल्या युक्तीचा. बारावीत लॉगॅरिथम कशासाठी शिकलो असं वाटलं असेल ना, तर यासाठी, ते १७ म्हणजे लाखाचा २ च्या बेसनं काढलेला लॉगच आहे, वरच्या पूर्ण आकड्यात. मॅथ्स सोडलंस तर हे सगळं पाठ करावं लागेल, मॅथ्स ठेवलंस तर समजेल.

आता फिजिक्स. इथे मला तुझ्याशी पूर्ण खरं बोलायचं आहे कारण सर जे सांगून राहिले ते चुकीचं नाही. फिजिक्स मेजर, मॅथ्स मायनर घेऊन बीएड केलं तर नववी-दहावीला गणित-विज्ञान शिकवायचा रस्ता आहे, त्यासाठी टेट नावाची शिक्षक भरतीची परीक्षा, पवित्र पोर्टलवर अर्ज हे सगळं करावं लागते, भरती कधी निघेल याचा भरोसा नसते, पण रस्ता आहे. कॉम्प्युटर मेजर घेऊन शाळेत मास्तरीण व्हायचं म्हणशील तर अनुदानित शाळांमध्ये त्याच्या जागा फारच कमी. दुसरं असं की फिजिक्स घेऊन नंतर कॉम्प्युटरकडे येता येते, एमसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मास्टर डिग्रीला, बारावीला किंवा डिग्रीला मॅथ्स असलं की कोणत्याही शाखेचा पदवीधर चालते. उलट कॉम्प्युटर घेऊन नंतर फिजिक्सच्या एमएस्सीला जाणं अवघड, आणि आयआयटीच्या एमएस्सीसाठी जी जॅम परीक्षा असते तिच्यात फिजिक्सचा, मॅथ्सचा पेपर आहे, कॉम्प्युटर सायन्सचा नाही. म्हणजे नुसत्या दरवाजांचा हिशोब केला तर फिजिक्सचं पारडं जड आहे हे मी लपवत नाही. तुला दोन्ही विषय अगदी सारखे आवडत असते तर मी फिजिक्सच सांगितलं असतं. पण तुझ्या पत्रात फिजिक्सबद्दल एकच वाक्य आहे, सर खूप चांगलं शिकवतात. सरांबद्दल आहे ते, विषयाबद्दल नाही. फिजिक्सचं काही तू घरी जाऊन करून बघितलंस, एखादं गणित सुटेना म्हणून रात्री बसलीस असं काही लिहिलं नाहीस. चांगला शिक्षक भेटणं मोठं भाग्य आहे, खरंच, पण पुढच्या वर्षी सरांची बदली झाली तर तुझ्या हातात विषय उरेल, सर नाही.

मैत्रिणींचं कारण एका ओळीत सोडते, प्रॅक्टिकलचे मार्क सोपे भेटतात म्हणून कोणीच हा विषय घेऊ नये, मार्क भेटतात आणि तीन वर्षांनी मुलाखतीत साधा लूप लिहिता येत नाही.

मामांचं दुसरं म्हणणं, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्यांचं. हे अर्धं खरं आहे. मोठ्या पगाराच्या बऱ्याच जागांवर कंपन्या बीई-बीटेकच मागतात, नुसत्या बीएस्सीवर तिथे अर्जसुद्धा जात नाही. म्हणून बीएस्सी ही शेवटची डिग्री धरू नको, नंतर एमसीए धर. एमसीए पहिले तीन वर्षांचं होतं, आता २०२० पासून दोनच वर्षांचं झालं आहे, महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी राज्याच्या सीईटी सेलची एमसीए सीईटी असते, आणि एनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग संस्थांमध्ये एमसीए करायचं तर निमसेट नावाची परीक्षा. निमसेटमध्ये सगळ्यात जास्त वजन मॅथ्सला आहे, परत तेच, मायनर मॅथ्स. ज्या एनआयटींमध्ये एमसीए आहे त्यात रायपूर, भोपाळ, वारंगल आहेत, नागपूरहून रायपूर पुण्यापेक्षा कितीतरी जवळ पडते, हे आपल्याकडे पोरांना कोणी सांगतच नाही, सगळे डोळे झाकून पुणे. बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला जायचाही नियम आहे, बारावीला मॅथ्स असलं तर, पण त्यात अजून तीन वर्षं जातात, त्यापेक्षा मला एमसीए बरं वाटते. आणि टीसीएस, विप्रो सारख्या कंपन्या बीएस्सी-बीसीएच्या पोरांसाठी वेगळी भरती करत आल्या आहेत, विप्रोत तर काम करता करता एमटेक करायची सोय आहे. नागपूरला मिहान या औद्योगिक भागात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, म्हणजे घरापासून लांब जायचंच असं काही नाही.

आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस कोर्स आहे त्याबद्दलही ऐकून ठेव. जेईई लागत नाही, आधी चार आठवडे शिकवून पात्रता परीक्षा घेतात, परीक्षा सेंटरवर जाऊनच द्यावी लागते, म्हणून डिग्रीला किंमत आहे, आणि २०२२ पासून यूजीसीनं दोन डिग्र्या सोबत करायला परवानगी दिली आहे. फीमध्ये प्रवर्ग अन् उत्पन्नाप्रमाणे सवलत असते. पण हे लगेच नको. आधी सेकंड इयरचं एक सेमिस्टर नीट जाऊ दे, एस्टीच्या येण्या-जाण्यात दोन डिग्र्या झेपतात का ते तुझं तुला कळेल.

लॅपटॉप. आत्ता नको घेऊ. बाबांना कापसाच्या पैशातून लॅपटॉप मागायची ही वेळ नाही, आणि फर्स्ट-सेकंड इयरचं जे शिकायचं ते मोबाईल आणि कॉलेजची लॅब मिळून भागते. पायथनसाठी पायड्रॉइड नावाचं ॲप आहे, एकदा डाउनलोड झालं की साधे प्रोग्राम नेटशिवाय चालतात, तुमच्याकडे रेंज जाते तेव्हा हे कामाचं. गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालते, त्याला नेट लागते. लॅबच्या तासाला पोरी दोघी-तिघी एका मशीनवर बसतात आणि कीबोर्ड जिच्या हातात ती शिकते, बाकीच्या जर्नल लिहितात. कीबोर्ड तू घे. भांडून घे पण घे. एस्टीची वेळ व्हायची असेल तर लॅब असिस्टंटला विचारून आधी बसायची सवय कर, ते लोक नियमित येणाऱ्या पोरीला नाही म्हणत नाहीत. थर्ड इयरला प्रोजेक्ट येईल तेव्हा जुना, रिफर्बिश्ड लॅपटॉप बघू, तेव्हा लिहिशील मला, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला बघायचा एवढं लक्षात ठेव, बाहेरून चकाचक दिसते म्हणून घ्यायचा नाही.

इंग्रजीची भीती. तुझी भीती बोलण्याची असेल, ती नंतर बघू, तिला वेळ आहे. या विषयाला आधी लागते ते वाचायचं इंग्रजी, आणि तेही ठरावीक शंभर-दोनशे शब्दांचं. एरर मेसेज आला की पोरं पहिले घाबरून बंद करतात. तू तो मोठ्यानं वाच, कोणत्या ओळीवर आहे तो आकडा बघ, आणि एक वही कर, डाव्या पानावर मेसेज जसाच्या तसा, उजव्या पानावर आपल्या भाषेत त्याचा अर्थ आणि काय केल्यानं गेला. वऱ्हाडीत लिही ना, कोण पाहून राहिलं. सहा महिन्यांत ती वही तुझं सगळ्यात कामाचं पुस्तक होईल. सोबत एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर चेन्नई मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर अन् अल्गोरिदमचा कोर्स आहे, बघायला फुकट, परीक्षा द्यायची तरच फी, सर हळू आणि स्वच्छ बोलतात, समजत नाही तिथे थांबवून परत ऐकायचं. पहिले दोन आठवडे जड जातील, सोडू नको.

एआयचं तू विचारलंस ते बरं केलंस, कारण याच्यावर लोक दोन टोकाचं बोलतात. खरं हे आहे की साधा, ठरीव कोड आता मशीन लिहून देते, तू केलास तसा वेचणीचा प्रोग्राम ती क्षणात देईल, आणि नवीन पोरांना जी सोपी सुरुवातीची कामं भेटायची ती कमी झाली आहेत. याचा अर्थ थोडंसं येणाऱ्याचे दिवस कठीण आहेत. पण तुझे ३५ रुपये कोणाच्या ध्यानात आले असते? एआयनं लिहिलेला प्रोग्रामही मुकाट्यानं चुकीचं उत्तर देऊ शकते, आणि ते चूक आहे हे ज्याच्यापाशी आईची वही आहे, ज्याला माहीत आहे की बाया अर्ध्या किलोनं तोलतात, त्यालाच कळते. तपासणारा माणूस लागतोच, फक्त त्याला आतलं समजलं पाहिजे. म्हणून कॉलेजच्या वर्षांत माझं एक ऐक, प्रॅक्टिकल एआयकडून लिहून घेऊ नको. आधी स्वतः लिही, अडली तर स्वतः शोध, सुटलं की मग त्याला विचार की हे अजून चांगलं कसं झालं असतं. आधी विचारलंस तर तुझी ती रात्रीची शोधायची सवय जाईल, आणि तीच तर तुझी पुंजी आहे.

आणि एक कळकळीनं सांगते, थर्ड इयरला आलीस की फोन येतील, व्हॉट्सॲपवर जाहिराती येतील, पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स, १०० टक्के नोकरीची गॅरंटी, फी अमुक, नाही जमलं तर हप्ते करून देऊ. माझ्या ओळखीतल्या एका कास्तकारानं पोरासाठी तूर विकून असे पैसे भरले, पोरगं परत आलं, हातात एक सर्टिफिकेट, जे कुठल्याच कंपनीनं पाहिलं नाही. नोकरीची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, जो देते त्याला पैसे द्यायचे नाहीत. त्याच पैशात एमसीएची दोन वर्षं निघतात, आणि तुझ्या बाबतीत कदाचित त्याहून कमी, ते आता सांगते.

बाबांनी खर्च विचारला आहे आणि त्यांना सरळ आकडे पाहिजेत, ते कॉलेजच्या ऑफिसातून लिहून आण. फिजिक्स अन् कॉम्प्युटरच्या फीत फरक असू शकते, काही कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब फी वेगळी घेतात, तेवढं नक्की विचार. महाडीबीटीवर तुझ्या प्रवर्गाप्रमाणे शिष्यवृत्ती असेल, फॉर्म दर वर्षी भरावा लागते, पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं असं नाही. एमसीएबद्दल बाबांना हे सांग, जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना, कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी, एसटीला वेगळ्या योजना आधीपासून आहेत. होस्टेल-मेसचा खर्च राहतो, तो धरायचा. पण ही माफी कागदपत्रांवर अडते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, आणि जातीचा असेल तर पडताळणीचा कागद, याला फार वेळ लागते, आजोबा-पणजोबाच्या शाळेचा दाखला शोधत फिरावं लागते, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची, नक्कल काढावी लागते. ते आत्ताच सुरू कर, थर्ड इयरला नको. माझ्या माहितीतल्या कितीतरी पोरींच्या हातून चांगला प्रवेश ह्या एका कागदापायी गेला.

आणि बाबांना वाटत असेल की हे आपल्यासारख्यांचं क्षेत्र नाही, तर त्यांना सांग, भारताचा पहिला सुपर कॉम्प्युटर म्हणून ओळखतात तो परम ८०००, १९९१ चा, ज्यांच्या नेतृत्वात बनला ते विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, आपल्याच पट्ट्यातले. मामांनाही सांग. मामांसोबत वाद घालू नको पण, त्यांना मोबाईलवर तो वेचणीचा प्रोग्राम चालवून दाखव, त्यांच्याच वावरातल्या आकड्यांवर.

फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात एवढं विचारून घे. मेजर नंतर बदलता येते का आणि कुठपर्यंत. कॉम्प्युटरला कायम शिक्षक आहेत की सगळे सीएचबीवर, तासिका तत्त्वावर, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर उजाडेपर्यंत वर्गात कोणी येणार आहे की नाही. सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर आणि डेटाबेस कोण शिकवणार. लॅबमधली किती मशीन खरंच चालू आहेत, हे ऑफिसात नको, सेकंड इयरच्या ताईंना विचार. शिकवायला कोणी नाही आणि अर्धी लॅब बंद असं निघालं तर माझं उत्तर थोडं बदलते, तेव्हा मॅथ्स मेजर घे आणि कॉम्प्युटर मायनर, मॅथ्सचा विभाग बहुतेक ठिकाणी धड असते, एमसीएचा रस्ता त्यातूनही तसाच राहते आणि निमसेटला उलट फायदा होते. फिजिक्सच्या सरांना मात्र तू स्वतः जाऊन सांग काय घेऊन राहिलीस ते, आणि का ते पण सांग, यादी लागल्यावर त्यांना कळलं असं होऊ देऊ नको.